शिक्का आधी, फोटो नंतर

माझा नवरा चार हंगाम एका कॉलेजच्या मुलांच्या फुटबॉल टीमचा कोच होता. कोच म्हणून त्याचं आयुष्य तेवढंच. समोर मी त्याला अहो म्हणते, पण लिहिताना ‘हे’ आणि ‘ह्यांनी’ करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून इथे सरळ नवरा.

त्याआधी तो परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होता. तिथे त्याला घेतलं ते डाव्या पायाने चेंडू चांगला मारायचा म्हणून. गिरण्यांच्या टीमा असायच्या आणि टीमसाठी माणसं घेतली जायची. माग चालवायला तो नंतर शिकला. मग संप आला. टीम आधी गेली, खातं नंतर, आणि पुन्हा गेट उघडलं तेव्हा परत घेतलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आम्ही मालाड पूर्वेला चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कारकून, जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं. नवरा सकाळी कामावर निघाल्यासारखा बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. कुठे जाता, हे मी कधी विचारलं नाही. विचारून उत्तर काय मिळणार होतं?

गिरणीच्या टीमचा जुना गोलकीपर उपनगरातल्या एका कॉलेजात शिपाई लागला होता. त्याने नवऱ्याला तिथे नेलं. कॉलेजची टीम होती, शिकवणारं कोणी नव्हतं. जिमखाना कॉमर्सच्या एका प्राध्यापकांकडे होता, आणि सामना चालू असताना ते पेपर तपासत बसायचे. नवऱ्याला एका हंगामापुरतं पत्र मिळालं. जुलैत सुरू, मार्चअखेर संपलं. पुढच्या जुलैत पुन्हा नवं. मधले तीन महिने तो कोणीच नसायचा. नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून हे असं करतात, हे मला ऑफिसात बसून चांगलं ठाऊक होतं. त्याला मी ते सांगितलं नाही.

मैदान म्हणजे कॉलेजमागचा मोकळा प्लॉट. एका बाजूला म्हशींचा तबेला. चेंडू कुंपणापलीकडे गेला की शेणात जायचा आणि तबेलेवाला तो लगेच द्यायचा नाही. गणपती, नवरात्र, लग्नं, सगळ्यांचे मांडव त्याच प्लॉटवर. मांडववाले बांबू उपटून न्यायचे आणि खड्डे तसेच सोडायचे. पहिल्याच वर्षी अशा एका खड्ड्यात एका मुलाचा घोटा मोडला. तेव्हापासून दर मांडवानंतर नवरा घमेलं आणि फावडं घेऊन सरावाच्या आधी तासभर जायचा आणि एकेक खड्डा बुजवून त्यावर नाचून बघायचा. मुलांना हात लावू द्यायचा नाही. त्यांनी ताकद खेळाला ठेवायची.

घरी त्याचं शिकवणं बुचांवर चालायचं. सोड्याच्या बाटल्यांची अकरा बुचं तो जमिनीवर मांडायचा आणि समोर दुसऱ्या टीमची अकरा, उलटी. तासन्‌तास सरकवत बसायचा. मी केर काढताना बुचं उचलू का विचारायचे, तर म्हणायचा, “थांब गो, हाफ वर गेलोहा, त्याका येऊंदे.” हाफ, म्हणजे मधल्या फळीतलं बूच, परत आलं की मी केर काढायचे. शिकवण्यात तो चांगला होता. हे मी बायको म्हणून म्हणत नाही. पहिल्या वर्षी पहिल्याच सामन्यात बाहेर पडलेली टीम तिसऱ्या वर्षी शेवटच्या आठांत आली, आणि मुलं तीच, उपनगरातली, अर्धपोटी सरावाला येणारी.

तिसऱ्या वर्षी मनोरीहून एक मुलगा आला. कोळ्यांचा. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. सकाळच्या सरावाला यायला पहिली तर, म्हणजे फेरीबोट, पकडून खाडी ओलांडायची, मार्वेला उतरून बस धरायची. एक दिवस चुकला नाही. बूट मिळाले तरी सरावाला काढून ठेवायचा, झिजतील म्हणून. नवऱ्याने त्याला स्टॉपर केला. म्हणजे गोलकीपरच्या पुढचा मधला बॅक, ज्याच्याजवळून कोणी पुढे जाता कामा नये. बुचांमधलं त्याचं बूच नवऱ्याने नेलपॉलिशने लाल केलं होतं. नेलपॉलिश शेजारणीचं.

त्याची आई मालाडच्या मार्केटात मासळी घेऊन बसायची. तो तिचा मुलगा हे कळायच्या आधीपासून मी तिच्याकडूनच घेत होते. कळल्यावर ती जास्तच बोलायला लागली.

“तुजा मास्तर माज्या पोऱ्याला रोज पलवतो म्हने. मंग भूक लागंल ती मीच भागवायची?”

“मग काय मावशी, बोटीवर बसवून ठेवायचाय त्याला?”

“बोटीवर नको गो बाय. बोटीवर बाप हाय, तेवढा बास. ह्यो खुर्चीत बसंल.” आणि वर दोन बोंबील टाकायची. “ह्ये मास्तरला. बोल त्याला, पोऱ्याला ओरडू नको.”

चौथ्या हंगामाच्या सुरुवातीला प्राचार्यांनी नवऱ्याला बोलावलं. जिमखाना सहायक अशी एक जागा मंजूर होणार होती, कायम. मॅट्रिक पास पुरे होतं, आणि नवरा मॅट्रिक होता. त्या जागेवर राहून कोचही तोच राहिला असता. प्राचार्य म्हणाले, “सेमीफायनल गाठा. मग मॅनेजमेंटपुढे तुमचं नाव ठेवायला मला तोंड राहील.” नवरा घरी आला आणि जेवताना हे एकदाच सांगितलं. पण त्या आठवड्यात त्याने दाढी रोज केली.

आणि त्याच्या आदल्याच महिन्यात, जूनमध्ये, मनोरीचा मुलगा नापास झाला होता. पहिल्याच वर्षाला, तीन विषयांत. वर्ष गेलं, प्रवेश नाही, म्हणजे तो कॉलेजचा विद्यार्थी नाही, म्हणजे खेळू शकत नाही. घरी त्याने सांगितलं नव्हतं. रोज वही घेऊन तरीत बसायचा आणि सरावाला यायचा.

आता फॉर्मची पद्धत सांगायला हवी. विद्यापीठाच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूचा एक पात्रता फॉर्म लागायचा. नाव, वर्ग, जन्मतारीख, वर कोपऱ्यात फोटो, खाली प्राचार्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का. सामन्याआधी पंच तो फोटो चेहऱ्याशी ताडून बघायचे. प्राचार्यांना तीस-तीस फॉर्मांवर वेगवेगळ्या दिवशी सह्या करायला वेळ नसायचा. म्हणून जिमखान्याचे प्राध्यापक वर्षाच्या सुरुवातीला कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठाच सही-शिक्के मारून आणायचे आणि कपाटात ठेवायचे. लागेल तसा काढायचा आणि भरायचा. शिक्का आधी, फोटो नंतर. सगळीकडे असंच चालतं, असं ते म्हणायचे, आणि चालतही असावं. फॉर्म इंग्रजीत. नवऱ्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून तो गठ्ठा घरी आणायचा आणि मी रविवारी बसून भरायचे. चारही वर्षं मीच भरले.

त्या रविवारी गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती. प्राध्यापकांची. मनोरीच्या मुलाचा फोटो, आणि त्याखाली दुसऱ्याच एका मुलाचं नाव. तो मुलगा कॉलेजात नोंदलेला होता, पास झालेला होता, पण कधी यायचा नाही, बापाच्या किराणा दुकानात बसायचा. त्याला हजेरी हवी होती. प्राध्यापक त्याची हजेरी लावणार, त्या बदल्यात त्याने नाव वापरू द्यायचं. असं ठरलं होतं.

मी चिठ्ठी नवऱ्यापुढे धरली. तो बुचं मांडत होता.

“तुम्हाला ठाऊक आहे हे?”

“सरांनी सांगितला. मी म्हटलंय, माका जमूचा नाय.”

“मग लाल बूच काढा. दहांत खेळा.”

लाल बूच त्याने उचललं आणि तळहातावर ठेवून बघत राहिला. कोणाला ठेवायचं त्या जागी, हे तो बघत होता, आणि कोणी नव्हतं. मी हे बघितलं आणि मला राग आला. चार वर्षं हा माणूस खड्डे बुजवतोय, आणि ज्यांनी कधी मैदानात पाऊल ठेवलं नाही ते त्याला मार्चमध्ये घरी पाठवतात. मी म्हटलं, “तुम्हाला जमत नसेल तर बाजूला बसा. मला जमतंय.” डिंकाची बाटली काढली, फोटो चिकटवला, आणि खाली दुकानदाराच्या मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

आमच्या टेबलावर दिवसभर काय काम चालायचं, तर नावं दुरुस्त करण्याचं. हॉस्पिटलातून एक नाव आलेलं, शाळेत दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. एकदा चुकीचं नोंदलेलं नाव सुधारायला माणसांची चप्पल झिजते, हे मी रोज खिडकीतून बघत होते. वॉर्डात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

मग नवऱ्याने, एकदा केलंच आहे तर नीट करायचं म्हणून, मुलांना नव्या नावाची सवय लावायला घेतली. कारण पहिल्याच सराव सामन्यात हाफने त्या नावाने हाक मारली आणि स्टॉपर वळलाच नाही. चेंडू शेजारून गेला आणि गोल झाला. गोलकीपर ओरडला, “अरे ए शेठ, दुकान बंद केलंस काय? तूरडाळ कशी दिली?” सगळे हसले, तोही हसला. पण नवरा हसला नाही. त्याने नियम केला, मैदानावर असो, बसमध्ये असो, चहाच्या टपरीवर असो, त्याचं खरं नाव घ्यायचं नाही. जो घेईल त्याने प्लॉटला तीन फेऱ्या मारायच्या. पंधरा दिवसांत मुलं ते नाव झोपेतही घेतील इतकी तयार झाली. नवरा शिकवायचा ते पक्कं शिकवायचा.

टीम सेमीफायनलला पोचली. सामना घाटकोपरला होता, नोव्हेंबरात, कामाच्या दिवशी. मी ऑफिसात होते. चारच्या सुमाराला साहेबांच्या टेबलावर माझ्यासाठी फोन आला. फोनवर तो शिपाई, जुना गोलकीपर.

“वहिनी, मास्तरांनी सांगितलंय, स्टॉपरच्या आईला घेऊन या. ती बसते कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“काय झालं?”

“कॉर्नरला उडी मारली आणि समोरच्याचा गुडघा बसला. डाव्या बरगडीखाली. उठला, खेळला पण. दहा मिनिटांनी खाली बसला तो उठलाच नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात आणलाय.”

ती दहा मिनिटं नवऱ्याने त्याला आत ठेवलं होतं. बरा आहेस का विचारलं, मुलगा म्हणाला बरा आहे, आणि गोल बरोबरीत होते. ही चूक त्याची. ती त्याने कधी नाकारली नाही.

मार्केटात मी तिला सांगितलं, पोराला लागलंय, चल. तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं, शेजारणीला म्हणाली, “बग जरा,” आणि उठली. बाप बोटीवर, चार दिवसांनी येणार. आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला वासाला कुरकुरला, मी त्याला गप्प केलं. महामार्ग, अंधेरी, साकीनाका, तिथे बराच वेळ अडकलो. तासाच्या वर गेला.

“पाय मोडला काय गो?”

“पोटात लागलंय.”

“पोटात? फुटबालात?” मग थोड्या वेळाने, “आज कालेज नव्हतं त्याला?”

मी म्हटलं, सामना होता. दोन गोष्टी मला सांगायच्या होत्या. तो कॉलेजात नाही ही एक, आणि तिथे त्याचं नाव वेगळं असेल ही दुसरी. तासाभरात दोन वाक्यं बोलून झाली असती. मी बाहेर बघत होते आणि स्वतःला सांगत होते, मुलांनी खरं नाव सांगितलं असेल. हॉस्पिटलात कोण खोटं नाव सांगेल?

अपघात विभागाच्या खिडकीवर ती माझ्या आधी पोचली. मुलाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. कारकुनाने बोट फिरवलं. “असा कोणी नाही.”

“फुटबालवाला पोऱ्या. आता आनला.”

“फुटबॉलवाला एक आहे, पण त्याचं नाव हे नाही. दुसरीकडे नेला असेल, बाई. बघा जरा.”

आणि ती वळली. खरोखरच दुसरीकडे बघायला निघाली. दाराशी जाऊन रिक्षा शोधायला लागली. मी खिडकीवर वाकून रजिस्टर बघितलं. तेच नाव, जे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मुलांनी त्याला उचलून आणला, खिडकीवर नाव विचारलं, आणि पंधरा दिवस फेऱ्या मारून शिकलेलं नाव त्यांच्या तोंडून आपोआप आलं. त्यानंतर ते बदलायची कोणाची हिंमत झाली नाही. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. “मावशी, इथेच आहे तो. चल.”

“मंग तो खिडकीवाला नाय का बोलला?”

मी तिला दंडाला धरूनच आत नेलं.

आतल्या पॅसेजमध्ये बाकावर नवरा बसला होता. मांडीवर मुलाचे बूट. प्राध्यापक उभे होते, शेजारी एक हवालदार, मारामारी-अपघाताच्या केसेस लिहून घ्यायला असतो तसा, मांडीला वही लावून. टीममधले चार-पाच जण भिंतीला टेकून. कोणी आमच्याकडे बघेना. प्राध्यापक पुढे आले आणि मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, “ऑपरेशनच्या कागदावर सही पाहिजे. ह्यांची सही मावशी म्हणून घेऊ या. अंगठा चालेल. आता नाव-बिव काढू नका, सगळ्यांची वाट लागेल. तुमच्या मिस्टरांची सगळ्यात आधी.”

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत. “पोटात रक्त साचतंय. पोट उघडायला लागेल, आत्ता. नातेवाईक कोण?”

“मी त्याची आय.”

डॉक्टरांनी कागद बघितला. आडनाव गुजराती होतं. समोर कोळीण, कासोट्याचं लुगडं, हाताला खवले. “तुम्ही ह्याच्या आई?”

“मावशी आहेत,” प्राध्यापक म्हणाले.

“मावशी कुनाची?” ती त्यांच्यावर वळली. “मी त्याची आय हाय. कुनाचं नाव घालून ठेवलंय तुमी माज्या पोऱ्याला?”

हवालदाराने वहीतून वर बघितलं. मला आठवतं ते हे, की त्या क्षणी मी मनात हिशेब केला. मी पालिकेची नोकर. सही-शिक्क्याच्या कागदावर खोटं नाव माझ्या अक्षरात. मी बोलले तर माझी नोकरी जाणार, आणि घरात दुसरी नोकरी नव्हती. मी गप्प राहिले. हा हिशेब करायला मला फार वेळ लागला नाही.

नवरा उठला. बूट बाकावर ठेवले. आणि घरी कधी बोलत नाही तसल्या शुद्ध मराठीत म्हणाला, “डॉक्टर, नाव चुकीचं आहे. फॉर्म मी भरला होता, नाव मीच बदललं. ह्या त्याच्या आई आहेत. त्यांची सही घ्या.” मग त्याने मुलाचं खरं नाव सांगितलं, पूर्ण, आणि हवालदारालाही म्हणाला, “लिहून घ्या.”

प्राध्यापक तिथून गेले ते परत आले नाहीत. तिने अंगठा उठवला. दार बंद झालं. ती बाकावर नवऱ्याच्या शेजारी बसली आणि मुलाचे बूट मांडीवर घेतले. मुलं एकेक करून पाणी प्यायला जात होती.

मुलगा वाचला. प्लीहा, म्हणजे पानथरी, काढावी लागली. तो जो वेळ खिडकीवर आणि पॅसेजमध्ये गेला त्याने काही फरक पडला का, हे कोणी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, ताप आला तर अंगावर काढू नका, लगेच घेऊन या.

चौकशी झाली. सामना रद्द धरला, कॉलेजच्या टीमला पुढची काही वर्षं बंदी आली. प्राध्यापकांनी लिहून दिलं की त्यांना काही माहीत नव्हतं. दुकानदाराच्या मुलाने लिहून दिलं की त्याचं कार्ड हरवलं होतं. कोऱ्या फॉर्मांवर शिक्के कसे आले, हे कोणी कोणाला विचारलं नाही. नवऱ्याला एक कबुलीजबाब द्यायला सांगितला. त्याचा मसुदा मी लिहिला, कारण ते माझं काम होतं. सदर फॉर्म मी स्वतः भरला असून, वगैरे. त्याने तो तीनदा उतरवून काढला. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, “अहो, हे वाचून कोणीही सांगेल की ते अक्षर तुमचं नाही.”

“कोण बघतलो? तुझी नोकरी रवूंदे.”

कोणी बघितलं नाही. समितीपुढे फॉर्म आणि कबुलीजबाब एकाच फायलीत होते, दोन वेगळी अक्षरं, आणि कोणी विचारलं नाही. त्यांना एक माणूस हवा होता, तो मिळाला होता. दोघांपैकी एकाची नोकरी राहणं गरजेचं होतं, आणि ती राहिली. मी हे योग्य केलं असं म्हणत नाही. तेव्हा मी तेच केलं.

जुलैत पत्र आलं नाही. नवरा गोरेगावच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन लागला. बुचं मी एका डब्यात भरून वर ठेवली, त्याने मागितली नाहीत. प्लॉटवर पुढे मांडव पडत राहिले आणि खड्डे तसेच राहायला लागले. एकदा मी त्याला म्हटलं, रस्त्यातच आहे, बघून या. तो म्हणाला, “कोणासाठी?”

मुलगा बापाच्या बोटीवर गेला. आईने खुर्चीचं बोलणं सोडलं. माझ्याशी बोलायचं मात्र तिने सोडलं नाही. मासळी देताना म्हणायची, मास्तरने त्या दिवशी खरं सांगितलं, नायतर माजा पोऱ्या कुनाचा तरी म्हनून गेला असता. मी पिशवी पुढे करायचे.

तिसऱ्या पावसाळ्यात त्याला ताप आला. ऐन जुलैत. खाडी खवळलेली, तर बंद. भाईंदरच्या बाजूने गाडीरस्ता लांबचा, गाडी मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. दोन दिवसांच्या तापात तो गेला, वाटेतच. प्लीहा नसलेल्या माणसाला साधा ताप असा नेतो, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरकडून कळलं. नवऱ्याला मी तेही सांगितलं नाही, पण त्याला सांगायची गरज होती असं मला वाटत नाही. मनोरीला नवरा प्रेताबरोबर गेला आणि दोन दिवस तिथेच राहिला. ड्युटी बुडाली.

मनोरी आमच्याच वॉर्डात येतं. दिवसकार्य झाल्यावर ती नोंद करायला आली. बरोबर शेजारची एक बाई. आमच्याकडे दोन खिडक्या होत्या, दुसरी रिकामी होती आणि तिथला कारकून तिला बोलावत होता. ती माझ्याच रांगेत उभी राहिली, पाच जणांच्या मागे.

पुढे आली तेव्हा डॉक्टरांचं सर्टिफिकेट सरकवलं. “तूच लिव.”

मी रजिस्टर ओढलं. तारीख घातली. नावाच्या रकान्याशी पेन टेकवलं आणि थांबले.

“मावशी,” मी म्हटलं, “त्या वेळी फॉर्मवर नाव मी लिहिलं होतं. मास्तरांनी नाही. मी.”

ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती. शेजारच्या बाईला काही कळलं नाही, ती छत्री मिटत होती.

“ते मंग,” ती म्हणाली. “आदी ह्ये नीट लिव.”

मी लिहिलं. वाचून दाखव म्हणाली. मी वाचलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव.

“परत वाच.”

परत वाचलं. तिने गजातून हात आत घातला, रजिस्टरवर बोट ठेवलं. “ह्येच काय त्याचं नाव?”

“हेच.”

“दुसरं काय नाय ना कुटं?”

मी म्हटलं, नाही. तिने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि बाजूला झाली. मागे रांग होती.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मी तिला सांगून टाकलं. तो ड्युटीला निघायच्या तयारीत होता, पट्टा बांधत होता.

“काय म्हणाली?”

“नाव नीट लिही म्हणाली.”

“लिवलंस?”

“लिहिलं.”

तो टोपी घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यात मी मार्केटात गेले तेव्हा ती तिच्या जागी होती. तिने मला बोंबील मोजून दिले, वर काही टाकलं नाही. मी तिच्याकडूनच घेत राहिले. ती उठेपर्यंत, म्हणजे गुडघ्यांनी बसवेनासं होईपर्यंत, तिने तो विषय काढला नाही, आणि दर वेळी पिशवी पुढे करताना मला वाटायचं, आज काढेल.